बिओशिया (ग्रीस): आईला घेऊन दोन दिवस, सल्ला हवा

चाफेकळी

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कामासाठी अथेन्सला चालले आहे. काम संपलं की दोन दिवस मोकळे मिळतील आणि तेव्हा आई सोबत असेल. आई ६९ वर्षांची, निवृत्त मराठी शिक्षिका. डावा गुडघा दुखतो. सपाटीवर तासभर आरामात चालते, चढ नको म्हणते. पूर्ण शाकाहारी.

आईने ऐंशीच्या दशकात शाळेच्या स्नेहसंमेलनात पुलंनी अनुवाद केलेल्या 'राजा ओयदिपौस'मधला एक प्रवेश बसवला होता. कोरसमधल्या मुलांना अंगवस्त्रं हवीत म्हणून तिने रंगमंचाचा जुना पडदा फाडला आणि त्याबद्दल तिला मेमो मिळाला. तो कागद अजून तिच्या कपाटात आहे. 'ग्रीसला येतेस का?' म्हणून विचारलं तर तिचा पहिला प्रश्न होता, 'थेबाई दिसेल का गं?' ते नाटक घडतं थेबाईत, म्हणजे थीब्जमध्ये, म्हणून हे सगळं.

तर: १) थीब्जमध्ये आज बघण्यासारखं काय उरलं आहे? २) त्याच बिओशिया प्रांतात गुडघ्याला झेपेल असं आणखी काय आहे? ३) जाण्याआधी आईला काय वाचायला देऊ?

बजेट दोघींचं मिळून २५० युरो, त्यात राहणं, खाणं, प्रवास सगळं आलं. डेल्फी आणि सांतोरिनी पुढच्या वेळी. गाडी चालवता येते, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी चालवलेली नाही.

उत्तरध्रुव

आम्ही मागच्या वर्षी सहा जण गेलो होतो. दिवसभरासाठी चालकासकट व्हॅन केली, ३८० युरो पडले, पण प्रत्येक पैसा वसूल. गार पाणी, वायफाय, इंग्रजी उत्तम बोलणारा माणूस. अथेन्स, डेल्फी, अराखोवा करून रात्री हॉटेलवर परत. थीब्ज वाटेतच लागतं, पण चालकानेच सांगितलं की इथे उतरण्यासारखं काही नाही, म्हणून आम्ही उतरलो नाही. ग्रीसपर्यंत जाऊन डेल्फी न बघता परत येणं म्हणजे आईंवर अन्याय होईल. बजेट थोडं वाढवा.

अनुस्वार

आधी नावांचं बघू, कारण त्यावर तुमचं आरक्षण अवलंबून आहे. आपण इंग्रजीवरून 'थीब्ज' म्हणतो. जुन्या ग्रीकमध्ये ते थेबाय, आजच्या ग्रीकमध्ये थिवा. प्रांत पूर्वी बोइओतिया, आता व्हिओतिया. रस्त्यावरच्या पाट्या आणि बसचं वेळापत्रक, सगळीकडे थिवाच दिसेल. इंग्रजी नाव टाकून हॉटेल शोधलंत तर इजिप्तचं थीब्ज, म्हणजे लक्सर, समोर येईल. माझ्या मेहुण्याने तसंच आरक्षण करून ठेवलं होतं, नशिबाने दोन दिवसांत लक्षात आलं.

प्रांताच्या नावात ग्रीक 'बूस' म्हणजे गाय-बैल आहे असं पूर्वीचे लोक मानत. फिनिशियाचा, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचा, राजपुत्र काद्मोस हरवलेल्या बहिणीला, युरोपाला, शोधत डेल्फीला पोचला. देववाणी झाली की बहिणीचा नाद सोड, एका गाईच्या मागे जा, ती जिथे बसेल तिथे नगर वसव. गाय जिथे बसली ते थेबाय. तिथल्या झऱ्यावर राखण करणाऱ्या नागाला त्याने मारलं, त्याचे दात जमिनीत पेरले, तर त्यातून शस्त्रं घेतलेले योद्धे उगवले आणि आपसात लढून मेले. पाच उरले. थेबायची जुनी घराणी स्वतःला त्या पाचांचे वंशज म्हणवत. ग्रीकांना अक्षरं काद्मोसबरोबरच्या फिनिशियनांनी दिली असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो, आणि ग्रीक लिपी फिनिशियन लिपीवरून आली हे आजचे अभ्यासकही मानतात.

कृष्णाकाठ

ताई, ग्रीक देव बघायला एवढ्या लांब कशाला? आमच्या कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. लहानशी, पण नजर हटत नाही. आईला आधी तिथं नेऊन आणा, शंभर रुपयांत काम होईल.

रणवाट

कृष्णाकाठ, मूर्ती रोमन काळातली आहे, व्यापारातून आलेली. तिचा बिओशियाशी काय संबंध?

कृष्णाकाठ

संबंध आहे. थीब्जजवळच ओंखेस्तोस नावाची जागा होती. तिथं पोसायडनची राई होती, होमरनं तिचा उल्लेख केलाय. देव तोच. आणि यवनांचं, म्हणजे ग्रीकांचं, म्हणाल तर कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन दात्यांचे लेख कोरलेत. आपल्या मातीत ही माणसं येऊन गेलीत, हे सांगायला नको का?

अनुस्वार

कार्ल्याचे यवन धेनुकाकट गावचे, त्यांची नावंही बौद्ध वळणाची. त्यातले जन्माने ग्रीक किती, हा वाद जुना आहे. वेगळा धागा काढा, मी येतो. इथे चाफेकळींना बसची माहिती हवी आहे.

पायवाट

मी आणि बायको दोन वर्षांपूर्वी बसनेच गेलो होतो, म्हणून लिहितो.

अथेन्स ते थिवा साधारण नव्वद किमी, दीडेक तास. आमची बस लिओसियोन रस्त्यावरच्या स्थानकावरून सुटली. तुम्ही जाल तेव्हा स्थानक आणि वेळा एकदा विचारून घ्या. रेल्वेनेही थिवा आणि लिवादिया दोन्ही जमतं, पण लिवादियाचं स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून पुन्हा टॅक्सी.

थिवा आज साधं बाजाराचं गाव आहे. जुनं नगर, म्हणजे काद्मेया टेकडी, आजच्या घरांच्या खाली आहे. पायासाठी खणलं की कांस्ययुगातल्या, मायसिनी काळातला राजवाडा लागतो, म्हणून दोन इमारतींच्या मध्ये अचानक कुंपण घातलेला खड्डा दिसतो. सात वेशींपैकी एलेक्त्रा वेशीच्या दोन गोल बुरुजांचे पाये रस्त्याच्या कडेला उघडे आहेत. फोटोत काही येत नाही. पण ओयदिपौसच्या दोन मुलांनी गादीसाठी एकमेकांना मारलं ते याच वेशींवर, आणि त्यातल्या एकाला मूठभर माती दिली म्हणून त्यांच्या बहिणीला, अँटिगनीला, जिवंत गाडलं तेही याच गावात. हे डोक्यात घेऊन गेलात तर तो दगड वेगळा दिसतो.

खरं बघायचं ते संग्रहालय. ते नव्याने बांधून २०१६ मध्ये उघडलं आहे. चढ फारसा नाही, आत बसायला बाकं आहेत. तीन गोष्टी चुकवू नका. पहिली, जवळच्या तानाग्रा गावच्या मातीच्या शवपेट्या, इ.स.पू. तेराव्या शतकाच्या आसपासच्या. त्यांच्यावर दोन्ही हात डोक्यावर ठेवून आक्रोश करणाऱ्या बायका रंगवल्या आहेत, रांगेने. दुसरी, मायसिनी काळातल्या लिनिअर बी लिपीतल्या मातीच्या पाट्या, राजवाड्याचा कोठारहिशेब. तिसरी, १९६३च्या उत्खननात मिळालेल्या निळ्या लाजवर्दी दगडाच्या मुद्रा, त्यांतल्या बऱ्याच मेसोपोटेमियाच्या. तो दगड मुळात अफगाणिस्तानातला. पूर्वेकडून आलेल्या काद्मोसची कथा सांगणाऱ्या गावाच्या पोटात पूर्वेकडच्या मुद्रांचा साठा निघाला! मी त्या काचेसमोर अर्धा तास उभा होतो.

पण थिवात रात्रीचा मुक्काम करू नका. संध्याकाळी करण्यासारखं काहीच नाही.

कुंभारवाडा

+१ संग्रहालयाला. त्या शवपेट्या बघाच. आणि मुद्रा. मुक्काम नकोच.

रणवाट

इतक्या प्रतिसादांत ल्यूक्ट्राचं नाव नाही, म्हणून लिहितो. सगळं जग स्पार्टाचे गोडवे गातं. त्या स्पार्टाला समोरासमोरच्या लढाईत कोणी मोडलं? थीब्जने, इ.स.पू. ३७१ मध्ये, ल्यूक्ट्राच्या मैदानावर. नेहमी सगळे आपली उत्तम माणसं उजव्या बाजूला ठेवत. थीब्जचा सेनापती एपामिनोंडासने ती डावीकडे, स्पार्टाच्या राजासमोर, पन्नास ओळी खोल उभी केली. स्पार्टाची फळी बाराच ओळींची. राजा क्लिओम्ब्रोटस पडला, आणि हजर असलेल्या ७०० पूर्ण नागरिक स्पार्टनांपैकी ४०० पडले. तो आकडा स्पार्टाला पुन्हा भरून काढता आला नाही. पुढे एपामिनोंडासने स्पार्टाच्या दारात जाऊन मेसेनियाच्या हेलोटांना, म्हणजे पिढ्यानपिढ्या राबवलेल्या वेठबिगारांना, मोकळं केलं. ग्रीक इतिहासात मला सगळ्यात मोठा वाटणारा माणूस हाच. ल्यूक्ट्राला विजयस्तंभाचा गोल चौथरा पुन्हा उभारला आहे, शेताच्या मधोमध. जाच.

उत्तरध्रुव

थर्मोपिलीच्या खिंडीत ग्रीक पर्शियन फौजेला अडवत होते तेव्हा थीब्जवाले पर्शियनांना फितूर झाले हेही सांगा की. आम्ही थर्मोपिलीला स्पार्टाचा राजा लिओनिडासच्या पुतळ्यापाशी फोटो काढले, आमच्या चालकाने सगळा इतिहास सांगितला.

रणवाट

चालकाने थेस्पियाईचं सांगितलं का? ३०० स्पार्टन शेवटपर्यंत लढले तेव्हा त्यांच्या शेजारी थेस्पियाईचे ७०० जणही मेले. थेस्पियाई बिओशियातलंच गाव. त्यांचं स्मारक तिथेच, त्याच पुतळ्याशेजारी १९९७ मध्ये उभारलं आहे.

थीब्जच्या फितुरीची गोष्ट हेरोडोटसची. त्यावर नंतरच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क इतका चिडला की त्याने हेरोडोटसच्या खोडसाळपणावर वेगळा ग्रंथ लिहिला.

अनुस्वार

प्लुटार्क स्वतः बिओशियाचा, खेरोनेया गावचा. तो आपल्या माणसांची बाजू घेणारच. थर्मोपिलीबद्दल वाद घाला, पण पुढच्याच वर्षी, इ.स.पू. ४७९ मध्ये, प्लाटाइयाच्या लढाईत थीब्ज पर्शियनांच्या बाजूने लढलं, याबद्दल दुमत नाही.

बॉस्फरस

त्या प्लाटाइयाच्या विजयाचा कांस्यस्तंभ मी इस्तंबूलमध्ये पाहिला आहे, जुन्या घोडशर्यतीच्या मैदानावर. तीन नाग एकमेकांभोवती वळलेले, डोकी तुटलेली. आधी डेल्फीला होता, सम्राट कॉन्स्टंटाइनने आणला. त्यावर पर्शियनांविरुद्ध लढलेल्या ३१ नगरांची नावं कोरली आहेत. प्लाटाइया आहे, थेस्पियाई आहे, थीब्ज नाही. दोघं भांडताय त्याचा निकाल तिथे कोरलेला आहे, आणि बघायला तिकीट नाही. चाफेकळी, विमान इस्तंबूलवरून असेल तर तिथे थांबा घ्या.

चाफेकळी

सगळ्यांचे आभार. विमान दोहावरून आहे. बजेट २५०च आहे, वाढणार नाही. ल्यूक्ट्राला बस जाते का? आणि गुडघ्याचं कोणी बोललं नाही अजून.

पाटबंधारे

मी ३१ वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यामुळे माझा सल्ला वेगळा आहे. कोपाइस बघा.

थिवाहून लिवादियाकडे जाताना उजवीकडे मैलोन्मैल सपाट काळी शेती लागते. ते पूर्वी तळं होतं. चारी बाजूंनी डोंगर, नद्या आत येणार, बाहेर जायला नदी नाही. पाणी जायचं ते चुनखडीच्या डोंगरातल्या नैसर्गिक विवरांतून, ज्यांना ते काताव्होथ्रेस म्हणतात. साडेतीन हजार वर्षांपूर्वी मायसिनी काळातल्या लोकांनी काठाने कालवे आणि बांध घालून नद्यांचं पाणी थेट त्या विवरांपर्यंत नेलं आणि तळ्याची जमीन मोकळी केली. त्या क्षेत्रावर ग्ला नावाचा किल्ला आहे, तट २.८ किमी लांब आणि पाच मीटरहून जाड. आत धान्याची कोठारं. म्हणजे राजवाडा नव्हे, शेतीचं गोदाम!

मग हे कालवे बुजले आणि तळं परत आलं. कथा अशी की थीब्जच्या हेराक्लीज या वीराने शेजारच्या ऑर्खोमेनोस नगराशी वैर म्हणून विवरांची तोंडं बंद केली आणि त्यांचं रान बुडवलं. शेजारच्या गावाचं पाणी अडवणं आम्ही नोकरीत बरंच पाहिलं, म्हणून ही कथा मला पटते. अलेक्झांडरच्या वेळी क्रातेस नावाच्या खाणतज्ज्ञाने उपसायचा प्रयत्न केला, तो अर्धवट राहिला. शेवटी एकोणिसाव्या शतकात आधी फ्रेंच आणि मग ब्रिटिश कंपनीने काम हाती घेतलं आणि १९३१ पर्यंत तळं कोरडं झालं. पूर्वी इथले वाम मासे अथेन्सच्या बाजारात पक्वान्न म्हणून विकले जात, ॲरिस्टोफेनीसच्या नाटकात ते येतात. तळं गेलं, वामही गेले.

ग्लाला चढ थोडा आहे आणि सावली नाही. आईंना रस्त्यावरून दाखवा, तरी कळेल.

भटकभवानी

बस वगैरे सोडा, गाडी घ्या. दिवसाला ४० युरोत मिळते, अख्खा बिओशिया पायाशी. ल्यूक्ट्रा, प्लाटाइया, होसिओस लुकासचा मठ (अकराव्या शतकातली मोझाइक, जागतिक वारसा), सगळं दोन दिवसांत. मठाच्या वाटेवर दिस्तोमो गाव लागतं. १० जून १९४४ ला जर्मन सैन्याने तिथे दोनशेहून जास्त गावकरी मारले, तान्ही मुलंसुद्धा. टेकडीवर स्मारक आहे, थांबा.

फक्त आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून न्या. भारतीय परवाना एकटा चालत नाही. मी नेला नव्हता. आगाऊ भरलेले पैसे गेले, आणि विमानतळावर दोन तास वाद घालून शेवटी मेट्रोने गावात आले. दुसऱ्या फेरीला नेला तेव्हा सगळं सुरळीत झालं.

उत्तरध्रुव

उजव्या बाजूने पहिल्यांदाच चालवणार, तेही आईला घेऊन? चालकासकट व्हॅन घ्या. १३० युरोचाच तर फरक आहे.

गोधडी

मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते. त्या तेव्हा ७२ च्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. त्यामुळे हे वाचा.

लिवादियाला क्रिया नावाची जागा आहे, गावातच. डोंगरातून झरे फुटतात, वर मोठाले चिनार, बाजूला जुन्या पाणचक्क्या, दगडी पूल आणि खुर्च्या मांडलेली उपाहारगृहं. सासूबाई पाण्यात पाय सोडून तासभर बसल्या आणि म्हणाल्या, 'आता मला कुठे नेऊ नकोस.' जुन्या काळी इथे त्रोफोनियोसचं दैवत होतं. कौल हवा असलेल्या माणसाने आधी विस्मृतीच्या झऱ्याचं पाणी प्यायचं, मग स्मृतीच्या. नंतर हातात मधाच्या वड्या घेऊन एका बिळात पाय आधी घालून उतरायचं. वर आलेला माणूस बराच वेळ हसू शकत नसे. पाउसानियास नावाचा प्रवासी दुसऱ्या शतकात स्वतः उतरला होता आणि त्याने हे लिहून ठेवलं.

खाणं: लिवादियाचं सुवलाकी, म्हणजे सळईवर भाजलेलं मांस, प्रसिद्ध, ते तुम्हाला नको. 'गिगांतेस' मागा, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल. 'होर्ता' म्हणजे उकडलेली पालेभाजी, लिंबू पिळून. पालक भरलेली पाई (भाजलेली पेस्ट्री) मिळते, पण तिच्यात चीज असतं. आईंचा उपवास असेल तर दही-मध आणि अक्रोड, पोट भरतं.

लिवादियात राहा. थिवात नको.

कुंभारवाडा

लिवादिया +१. आणि आंतरराष्ट्रीय परवाना न्याच. पालकाची पाईही छान असते.

पायवाट

एक राहिलं, आणि माझ्या मते तेच तुमच्या आईंसाठी आहे. लिवादियाहून खेरोनेया तेरा-चौदा किमी. थेट रस्त्याच्या कडेला, सरूच्या झाडांमध्ये, संगमरवरी सिंह बसला आहे, पाच मीटरहून उंच. चढ नाही, पायरी नाही.

इ.स.पू. ३३८ मध्ये मॅसेडोनियाचा राजा फिलिप आणि त्याचा अठरा वर्षांचा मुलगा अलेक्झांडर यांनी इथे अथेन्स आणि थीब्जच्या फौजांना हरवलं. थीब्जचं 'पवित्र पथक' होतं, ३०० जणांचं, दीडशे जोड्या. प्रत्येक जोडी एकमेकांवर प्रेम करणाऱ्या दोन पुरुषांची, म्हणजे कोणी कोणाच्या डोळ्यांदेखत मागे हटणार नाही. ते हटले नाहीत. फिलिप नंतर रणांगण बघत फिरला आणि ती प्रेतं बघून रडला, असं प्लुटार्क लिहितो. १८१८ मध्ये इंग्रज प्रवाशांना सिंहाचे तुकडे मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे भोवती खणलं तेव्हा सात रांगांत २५४ सांगाडे निघाले.

तीन वर्षांनी थीब्जने बंड केलं तेव्हा अलेक्झांडरने अख्खं नगर पाडलं. सहा हजार मेले, तीस हजार गुलाम म्हणून विकले. देवळं ठेवली आणि एक घर ठेवलं, कवी पिंडारचं.

सिंहावर लेख नाही. पाउसानियासच्या वेळीही नव्हता. त्याला वाटलं की शौर्याला साजेसं नशीब मिळालं नाही म्हणून काही कोरलं नसावं.

जवळच ऑर्खोमेनोस. तिथे मिनियासचा कोषागार म्हणतात ती मायसिनी काळातली घुमटी कबर, प्राचीन नाट्यगृह आणि इ.स. ८७३-७४ चं चर्च, तिन्ही एका हाकेच्या अंतरावर. चर्चच्या भिंतीत प्राचीन देवळाच्या खांबांच्या गोल चकत्या जशाच्या तशा चिणल्या आहेत. कबरीच्या आतल्या खोलीच्या छताचं नक्षीकाम बघाच, शंखवेली आणि फुलं. आईंना रांगोळी आठवेल.

अनुस्वार

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. आईंना प्राचीन ग्रीक कवी हेसिअड द्या, इंग्रजी चालत असेल तर. तो हेलिकॉन डोंगराखालच्या आस्क्रा गावचा शेतकरी, बिओशियाचाच. वडिलार्जित जमिनीच्या वाटणीत भाऊ पेर्सेसने लबाडी केली, न्याय देणाऱ्यांना चारलं. त्या भाऊबंदकीतून त्याने भावाला उद्देशून 'कार्य आणि दिवस' हे काव्य लिहिलं. कधी नांगरावं, कधी पेरावं, कधी गाडीसाठी लाकूड तोडावं. आपलं गाव हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात नकोसं, चांगलं कधीच नाही, असंही तो सांगतो. आणि याच माणसाला हेलिकॉनवर मेंढरं राखताना काव्यदेवता भेटल्या. गावात वाढलेल्या मराठी शिक्षिकेला हा माणूस परका वाटणार नाही.

होमर हवा असेल तर त्याच्या 'इलियड'मधली जहाजांची यादी. ट्रॉयवर निघालेल्या जहाजांत पहिलं नाव बिओशियाचं, ५० जहाजं, प्रत्येकात १२० तरुण. निघाली कुठून? आउलिसहून, बिओशियाच्याच किनाऱ्यावरून, ग्रीकांचा सेनापती अगामेम्नोनने पोरीचा बळी दिला ते बंदर.

कृष्णाकाठ

अनुस्वार, हे भाऊबंदकीचं मस्त सांगितलं. ताई, कोल्हापूरला आलात तरी सांगा, मूर्ती मी स्वतः दाखवीन.

चाफेकळी

मंडळी, ठरलं. आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ती म्हणाली, 'थेबाईला जायचं आणि झोपायला दुसऱ्या गावात जायचं? मला तिथे सकाळी उठायचंय.' तेव्हा दोन्ही रात्री थिवातच. पहिला दिवस गावात. दुसऱ्या दिवशी बसने लिवादिया, तिथून टॅक्सीने खेरोनेया आणि ऑर्खोमेनोस. गाडी नाही, व्हॅन नाही, डेल्फी नाही. ल्यूक्ट्रा आणि ग्ला राहतील, रणवाट आणि पाटबंधारे, माफ करा.

उत्तरध्रुव

दोन रात्री थिवात? पुन्हा विचार करा.

भटकभवानी

मला तर वाटतं कंटाळाल. पण आईंची इच्छा आहे तर जाऊन या.

चाफेकळी (चार आठवड्यांनी)

जाऊन आलो. ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी लिहिते.

एलेक्त्रा वेस सकाळी आठला बघितली. समोरच्या बाल्कनीत एक बाई चादरी झटकत होती. लोखंडी कुंपणाच्या आत दोन गोल पाये, मध्ये गवत. आईने कुंपणाला धरून कोरसच्या ओळी म्हणायला सुरुवात केली, मुलांकडून पाठ करून घेतलेल्या. चाळीस वर्षांत एक शब्द विसरलेली नाही. झटकणं थांबवून ती बाई ऐकत उभी राहिली आणि शेवटी तिने वरूनच हात जोडल्यासारखं काहीतरी केलं.

संग्रहालयात शवपेट्यांपुढे आई सगळ्यात जास्त थांबली. म्हणाली, 'आमच्या आळीत कोणी गेलं की बायका अशाच डोक्यावर हात घेत.' मुद्रांच्या काचेपाशी तिला मी ओढून नेलं.

संध्याकाळी थिवात खरंच काही नव्हतं. आम्ही चौकात बाकावर बसलो, पोरं फुटबॉल खेळत होती, शेजारच्या आजोबांनी आईला खिशातून चार बदाम दिले. दोन्ही संध्याकाळी तेच बाक, दुसऱ्या दिवशीही बदाम.

क्रियाला पाय सोडून बसलो. गोधडी, सासूबाईंचं बरोबर होतं. ऑर्खोमेनोसच्या छतापेक्षा आईला चर्चची भिंत आवडली, त्या चकत्या तिने हात लावून मोजल्या.

सिंहाचं मी आधी सांगून ठेवलं होतं की लेख नाही. तरी ती चौथऱ्याच्या चारी बाजूंनी फिरली, चष्मा पुसून पुन्हा फिरली. मग मला विचारलं, 'दोनशे चोपन्न ना? आणि बाकीचे शेहेचाळीस?' मला उत्तर देता आलं नाही. प्लुटार्क याच गावचा, आणि आपलं गाव आधीच लहान आहे, आपण गेलो तर आणखी लहान होईल म्हणून इथेच राहिलो, असं त्याने लिहिलंय, हे मी तिला तिथे सांगितलं. बस येईपर्यंत ती त्यावर काही बोलली नाही. रात्री खोलीवर हेसिअड काढून बसली. दोघींचा खर्च सगळा मिळून २३८ युरो.

पाटबंधारे

छान. कोपाइस बसमधून तरी दिसलं का?

चाफेकळी

दिसलं. कापसाची वेचणी चालू होती, दोन्ही बाजूंना पांढरं. आई म्हणाली, 'हे तळं होतं?' आणि मग खिडकीच्या बाजूला येऊन बसली.

कुंभारवाडा

टॅक्सीवाल्याने किती घेतले? आम्हीही जायचं म्हणतोय मार्चमध्ये.

चाफेकळी

खेरोनेया, ऑर्खोमेनोस, थांबण्यासकट परत लिवादिया, ७० युरो. आधी ठरवून घ्या. नंबर त्याचा नाही घेतला, बस स्थानकाबाहेर उभा होता.